चार मुद्दे, दोन गुण

इतिहासाच्या पेपरातला "कारणे द्या" हा प्रश्न माझा फार आवडता. तपासायला सोपा असतो. चार मुद्दे, प्रत्येकाला अर्धा गुण, लाल पेनाच्या चार बारीक खुणा, की पुढचा पेपर. महापालिकेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवल्यावर माणूस उत्तरं वाचत नाही, मुद्दे मोजतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, त्यामुळे हे कबूल करायला आता मला लाज वाटत नाही.

आमची शाळा कसबा पेठेत, मुलींची. नववीच्या वर्गात एक्केचाळीस मुली. दुसऱ्या घटक चाचणीत मी दरवर्षीचाच प्रश्न घातला होता. "कारणे द्या : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन सरकारने ज्यू लोकांचा वंशसंहार केला." पुस्तकात हे सगळं फार भरभर उरकलेलं असतं. साठ लाख माणसं थोड्याशा ओळींत मरतात आणि पुढच्या परिच्छेदात शांतता परिषदा सुरू होतात. म्हणून या भागाचे मुद्दे मी स्वतः फळ्यावर लिहून देते. मुली ते उतरवून घेतात, पाठ करतात आणि जसेच्या तसे परत देतात. आमच्यात हा करार ठरलेला आहे आणि आजवर कोणी मोडला नव्हता.

त्या रविवारी दुपारी मी पेपर घेऊन बसले. चाळीस मुलींनी करार पाळला होता. ज्यू लोक श्रीमंत होते. व्यापार व सावकारी त्यांच्या हातात होती. ते इतर समाजात मिसळत नसत. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला तो त्यांच्या फितुरीमुळे. कुणी दुसरा मुद्दा तिसरा केला होता, कुणी दोन मुद्दे एकात कोंबले होते, पण ऐवज शाबूत होता. मी खुणा करत गेले. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा जो पेपर हातात होता, त्यात मात्र मुद्देच नव्हते.

"मला कारण सापडले नाही," असं लिहिलं होतं. "मी एका ज्यू आजींना चारही मुद्दे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, यातले एकही आमच्या घरात नाही. कारण त्यांनाही माहीत नाही."

मी शून्य दिलं. शेजारी लाल अक्षरांत लिहिलं, "विषयाला धरून लिही." आणि गॅस बंद करायला उठले.

ही मुलगी तिसऱ्या बाकावर खिडकीच्या बाजूला बसते. आई तीन-चार घरी स्वयंपाकाला जाते, वडील बुरूड आळीत टोपल्या विणतात. पहिल्या पाचांत ती कधीच नसते. पण प्रश्न विचारते. तह झाला म्हटलं की विचारणार, तहाचा कागद शेवटी कुणाच्या घरी राहिला? राजानं सारा माफ केला म्हटलं की विचारणार, ज्या गावात दवंडी ऐकूच आली नाही त्यांनी काय केलं? एकदा तिनं विचारलं होतं, लढाईत मेलेल्यांची वयं का लिहीत नाहीत, म्हणजे मेला तो माझ्या मामाएवढा होता की आजोबांएवढा ते तरी कळलं असतं. मी म्हटलं, "परीक्षेत विचारत नाहीत म्हणून." वर्ग हसला, तीही हसली. तिचा हात वर गेला की मी घड्याळाकडे बघायची, कारण पाच मिनिटांचा तरी चुराडा ठरलेला.

पेपर वाटले त्या दिवशी तिनं शून्य पाहिलं, शेरा वाचला, पेपराची घडी घातली आणि दप्तरात ठेवला. वाद घातला नाही. त्यानंतर पंधरा दिवस तिचा हात वर आला नाही.

पहिले दोन-तीन दिवस मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. धडे वेळेत संपायला लागले. मग मी विनाकारण चिडचिड करायला लागले. मी काहीतरी सांगायची, तिसऱ्या बाकाकडे बघायची, आणि तिथं एक मुलगी मान खाली घालून सगळं उतरवून घेत असायची, बाकीच्या चाळीस जणींसारखी. शिकवणाऱ्या माणसाला एवढं सुख सोसत नाही हे मला त्या पंधरा दिवसांत कळलं.

शिवाय डोक्यात एक भुंगा शिरला होता. ज्यू आजी? कुठली ज्यू आजी? माझं आख्खं आयुष्य पुण्यात गेलं. शहरात ज्यू आहेत हे ऐकून माहीत होतं, त्यांची प्रार्थनाघरं बाहेरून पाहिली होती, पण त्यातल्या कुणाशी बोलल्याचं आठवत नव्हतं. ज्यू म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काळ्यापांढऱ्या फोटोतले लांब कोट घातलेले लोक यायचे. दर वर्षी मी त्यांची कारणं द्यायला लावत होते, आणि माझ्या वर्गातल्या मुलीनं त्यांच्यातल्या एकीला जाऊन विचारलंसुद्धा होतं.

मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात गाठलं.

"ती ज्यू आजी कुठली गं?"

"रास्ता पेठेतली. आई त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाते. मी तिथंच अभ्यास करायचे."

"करायचे म्हणजे?"

"आता आई नेत नाही."

थोडं थोडं करून तिनं सांगितलं. घर एका खोलीचं. संध्याकाळी तिथं टीव्ही, आजोबांचा खोकला, धाकट्या बहिणींची भांडणं. आजींकडे मात्र जेवायचं मोठं टेबल, टेबलावर दिवा. आई आत पोळ्या करायची तेवढा दीड तास ही टेबलाशी बसायची आणि आजी समोर बसून तिचे धडे ऐकायच्या. दोन वर्षं असं चाललं होतं. दहावीही तिथंच बसून करायची, असं त्या दोघींचं ठरलंही होतं.

"मग आई का नेत नाही?"

"मी आजींना मुद्दे वाचून दाखवले म्हणून."

"कुठले मुद्दे?"

आतापर्यंत ती जमिनीकडे बघून बोलत होती. आता तिनं वर पाहिलं. "तुमचे," ती म्हणाली.

घंटा झाली आणि ती वर्गात गेली. मी फळ्यावर लिहिलेली वाक्यं, माझ्या शब्दांत, माझ्या क्रमानं, एका म्हाताऱ्या बाईच्या घरात तिच्या तोंडावर मोठ्यानं वाचली गेली होती. तुम्ही श्रीमंत होता का? सावकारी करत होता का? फितूर होता का?

शिक्षकखोलीत विज्ञानाचे सर चहा पीत बसले होते. खडकीहून येतात, कमी बोलतात. मी त्यांना सगळं सांगितलं, थोडं स्वतःच्या बाजूनं. मुलं पाठ करतात, आपण तरी काय करणार, असं वगैरे.

त्यांनी चहा संपवला. "आमच्या आजोबांना आमच्याबद्दलची अशी यादी तोंडपाठ होती, बाई," ते म्हणाले. "आपल्याला शिवून का घेत नाहीत, गावाबाहेर का ठेवतात, सगळे मुद्दे. कुणी विचारलं की स्वतःच सांगायचे. छप्पन साली बौद्ध झाले तेव्हा ती यादी टाकून दिली."

"मग काय म्हणायचे?"

"मग म्हणायचे, ज्यानं यादी केली त्याला विचारा." आणि ते कप विसळायला गेले.

माझी यादी कोणी केली, हा प्रश्न घेऊन मी कर्वेनगरला घरी आले. गाईडमधून घेतली असेल, असं मी स्वतःला बजावत होते. गाईडवर ढकललं की शिक्षकाला झोप चांगली लागते. खात्री करावी म्हणून शिडी लावून माळ्यावर चढले. माझ्या माळ्यावर अठ्ठावीस वर्षांच्या टाचणवह्या आहेत, म्हणजे रोज काय शिकवणार ते आम्ही ज्यांत आधी लिहून ठेवतो त्या. एकही मी टाकलेली नाही. का ठेवल्या ते विचारू नका, नवराही विचारायचा थांबला. खाली दिवाणखान्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर भाडेकरूंचा वाद चालल्याचे मेसेज टिंगटिंग वाजत होते. कोणते लोक ठेवायचे, कोणते नकोत, यावर गेल्या महिन्यात बैठकही झाली होती. मी तिथं होते आणि बिस्किटं बरी आहेत एवढंच म्हणाले होते.

पहिल्या वर्षाची वही सर्वांत खाली सापडली. निळ्या शाईतलं माझं अक्षर, आताच्यापेक्षा पुष्कळ बरं. त्यात हा धडा होता आणि चारही मुद्दे होते. पण त्यांच्या वर मथळा होता, दोनदा अधोरेखित केलेला: "जर्मन सरकारने पसरवलेले खोटे आरोप."

मी शिडीच्या वरच्या पायरीवरच बसून राहिले. प्रत्येक आरोपासमोर मी त्या वर्षी तो खोटा कसा हेही लिहिलं होतं. गरीब ज्यू किती होते. जर्मनीच्या बाजूनं लढताना मेलेले ज्यू सैनिक. आणि समासात पेन्सिलीनं, घाईघाईत: "शेजाऱ्यांनी काय केलं? शोधणे."

मग एकेक वही काढत गेले. तिसऱ्या वर्षी खोटेपणाचे पुरावे गेले, वेळ पुरत नाही म्हणून. पुढं कधीतरी पेपरात "कारणे द्या" हा प्रश्न घालायला सुरुवात केली, तेव्हा हे चार मुद्दे आयते हाताशी होते, ते उचलून त्याखाली ठेवले. त्या वहीत मथळा नाही. मथळ्याला गुण नसतात. गाईडचा काही संबंध नव्हता, मथळा मीच गाळला होता. त्यानंतर दर वर्षी मी एका वर्गाला खुन्यांची यादी इतिहास म्हणून दिली आणि पाठ म्हणणाऱ्यांना दोनपैकी दोन गुण दिले. समासातला पेन्सिलीचा प्रश्न तर पुढच्या एकाही वहीत नव्हता. वर्गात प्रश्न विचारणारी मी कधी होते, हे मला त्या शिडीवर बसल्यावर आठवलं. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि थोडं रडूही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सोमवार पेठेतून चालत रास्ता पेठेत गेले. पत्ता मुलीकडून घेतला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक डबी तिरकी बसवलेली होती; ज्यू घरांत तीत प्रार्थनेचा कागद ठेवतात, हे मला नंतर कळलं. तिच्याकडे बघत मी दम खात होते तेवढ्यात दार उघडलं.

आजी माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. सुती साडी, जाड चष्मा, पांढरा अंबाडा. कोटबिट काही नाही.

"शाळेच्या बाई ना? या. चप्पल आत घ्या, बाहेर राहत नाही."

मी टेबलाशी बसले, दिव्याच्या बाजूला. स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता, म्हणजे मुलीची आई आत होती.

"मुद्दे आपले?" आजींनी विचारलं.

"हो."

"अक्षर सुंदर आहे हो मुलीचं," त्या म्हणाल्या.

मी मथळ्याची सगळी हकीकत सांगितली. वही आणली होती, ती पुढं केली. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून वाचली, शिक्षक वाचतो तशी नाही, खरंच वाचली. मला विचारायचं पुष्कळ होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत असावं, कारण त्या म्हणाल्या, "विचारा, विचारा. मुलीनं विचारलं, आता बाईंनी विचारलं तर काय बिघडलं?"

"आपल्या घरातलं कोणी तिकडे, जर्मनीत..."

"कुणी नाही. आमची माणसं कोकणातली. तेलाचे घाणे चालवायची. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, घाणा बंद, म्हणून गाव शनवार तेली म्हणायचं. तेवढीच आमची ख्याती. जर्मनीतलं सगळं मी आपल्यासारखंच पुस्तकात वाचलं. आम्हाला इथं कधी कुणी काही केलं नाही."

"आणि मुलीनं ते वाचल्यावर?"

"श्रीमंत म्हणाली तेव्हा कपाट उघडून दाखवलं. सहा साड्या आहेत, त्यातल्या दोन बऱ्या. फितुरी म्हणाली तेव्हा सांगितलं की खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं पेट्यांच्या नोंदी ठेवल्या, एक काडतूस इकडचं तिकडे झालं नाही. मिसळत नव्हता म्हणाली, तर दुपारी आम्ही दहा जणी डबे एकत्र उघडायचो. हसतच सांगितलं मी. तीही हसली. वहीत लिहून घेतलं आणि गेली."

आजींनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"ती गेल्यावर मात्र मी बसून राहिले. म्हटलं, खरंच मिसळत होते का? त्या दहा जणींतल्या किती जणींच्या घरी मी गेले? भावंडं सगळी इस्राएलला गेली, मी राहिले, पण राहिले म्हणजे नक्की कुठे राहिले? शहात्तराव्या वर्षी मी स्वतःची झडती घेत बसले, बाई. काही केलेलं नसताना. हे मात्र मला लागलं."

मी म्हटलं, "माझं चुकलं." घरातल्या माणसांशिवाय दुसऱ्या कुणाला हे कधी म्हटलं होतं ते आठवावं लागेल.

"ते राहू द्या. मला ती मुलगी परत हवी आहे. संध्याकाळी टेबल रिकामं असतं, बरं दिसत नाही. तिच्या आईला सांगा. माझं ऐकत नाही."

पोळपाटाचा आवाज थांबला होता. मुलीची आई कणकेचे हात तसेच घेऊन दारात आली. बारीक बाई, आवाज मात्र खणखणीत.

"राग मानू नका, बाई. पण ज्या घरात बसून अभ्यास करते, ज्या घरचं खाते, तिथंच विचारते, तुम्ही फितूर होता का म्हणून. मला तोंड दाखवायला जागा नाही राहिली. आजी म्हणतात घेऊन ये. कुठल्या तोंडानं आणू?"

"चूक तिची नाही. मी चुकीचं लिहून दिलं होतं."

"मला सांगून काय उपयोग? तिला वाटतं तिनंच काहीतरी पाप केलं. आता घरातसुद्धा काही विचारत नाही. भाजी कुठली करू म्हटलं तर म्हणते, कुठलीही." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "पेपर सगळ्या वर्गासमोर वाटलात ना? मग हेही सगळ्या वर्गासमोर सांगा. तुम्ही सांगितलंत की मी आणते."

पालकसभेत हीच बाई मागच्या भिंतीला टेकून उभी असते आणि मी काहीही म्हटलं तरी मान डोलावते.

सोमवारी पहिल्या तासाला मी फळ्यावर चार मुद्दे लिहिले. मुलींनी सवयीनं वह्या काढल्या. मग मी मुद्द्यांच्या वर, अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या अक्षरात लिहायचा प्रयत्न करत, मथळा लिहिला. वह्यांची सळसळ थांबली. मी सांगितलं की हा मथळा माझ्याकडे होता, मी तो गाळला आणि तुम्हाला खोटं शिकवलं. खून करणाऱ्यांनी आधी लोकांना हे चार मुद्देच शिकवले होते, शाळांतसुद्धा. तिथंही कुणीतरी फळ्यावर लिहिले असणार आणि मुलांनी उतरवून घेतले असणार. मेलेल्या माणसांकडे त्यांच्या मरणाचं कारण शोधायचं नसतं, ते मारणाऱ्यांकडे शोधायचं. आणि एक मुलगी सोडून सगळ्यांचं उत्तर चुकलं, ते माझ्यामुळे.

पहिल्या नंबरची मुलगी उभी राहिली. "बाई, मग आमचे दोन गुण जाणार?"

"नाही. मी दिलं तेच तुम्ही परत दिलंत. माझे कापायला हवेत, पण माझा पेपर तपासायला इथं कोणी नाही."

कुणी हसलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला मी पेपर घेऊन बोलावलं, शून्य खोडलं, दोन लिहिले, शेरा खोडला, सही केली. ती "थँक्यू बाई" म्हणाली आणि जाऊन बसली. बाकीच्या मुली मथळा उतरवून घेत होत्या. तीही घेत होती. तासाच्या शेवटी मी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" आणि तिसऱ्या बाकाकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न केला. हात वर आला नाही. मोडलेलं असं एका तासात सांधत नसतं, हे माहीत असूनही मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी मी पुन्हा रास्ता पेठेत गेले. निमित्त होतं. आजींनी एकदा वर्गात येऊन मुलींशी बोलावं, असं मला वाटत होतं.

"मी येऊन काय सांगू?" त्या म्हणाल्या. "मला तर काही झालंच नाही."

"तेच सांगा. इथं का झालं नाही, ते आमच्या वर्गात कधी कुणी विचारलंच नाही."

"विचार करते," आजी म्हणाल्या, आणि मी कशाला आले ते त्यांना आधीपासून कळलेलं असल्यासारख्या बाजूला झाल्या. टेबलाशी मुलगी बसली होती. दिवा लावलेला, दप्तर खुर्चीला अडकवलेलं. आतून पोळपाटाचा आवाज येत होता. मुलीनं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, घरी बाई आल्यावर मुली करतात तसं.

टेबलावर ताट होतं, त्यात गूळखोबरं घातलेले पोहे आणि केळ्याच्या चकत्या. "मलिदा," आजी म्हणाल्या. "नवस फेडताना करतो आम्ही."

"कसला नवस?"

"चौकशा फार तुम्हाला," असं म्हणून त्यांनी ताट मुलीकडे सरकवलं.

मुलीसमोर वही उघडी होती. तिनं पानावर मथळा लिहिला होता, "आजींसाठी प्रश्न", आणि दोनदा अधोरेखित केला होता. मी खुर्ची ओढून बसले.

"घाण्याला बैल किती होते?" तिनं विचारलं.

"एकच. माझ्या आजोबांच्या वेळी. डोळ्यांना झापड लावलेला."

"शनिवारी तो काय करायचा?"

"बसायचा. गावातला तो एकच बैल सुट्टी घ्यायचा."

मुलीनं लिहून घेतलं. मग तिनं पेन वहीवर टेकवलं.

"आजी, तशी माणसं इथं आली असती, यादी घेऊन, तर तुम्ही कुठे गेला असता?"

आतला आवाज बंद झाला. आजींनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला.

"तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

मुलीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिची आई बाहेर आली नाही. नुसता आवाज आला. "आमची एकच खोली आहे." जरा वेळानं परत आला. "पण वर माळा आहे. बांबू ठेवलेत तिथं, ते खाली काढू." आणि पोळपाट पुन्हा सुरू झाला.

मुलीनं तेही लिहून घेतलं. मग ती माझ्याकडे वळली आणि वर्गात करायची तसा हात वर केला, कोपर टेबलावर टेकवून. गेले कित्येक दिवस मी ज्या हाताची वाट बघत होते तो.

"बाई, आणि तुमच्याकडे आल्या असत्या तर?"

कर्वेनगरचा माझा फ्लॅट दोन बेडरूमचा आहे आणि त्यातली एक रिकामीच असते. हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण तोंड उघडायच्या आधीच माझ्या डोक्यात उत्तर तयार होत होतं. माळ्यावर वह्या आहेत. गेटवर वॉचमन प्रत्येकाचं नाव लिहून घेतो. समोरच्यांना आमच्या घरातलं सगळं दिसतं. सोसायटीत आधीच कोण चालेल, कोण नाही, यावरून वाद आहेत. चार मुद्दे, क्रमानं, एकही न चुकता.

आजी माझ्याकडे बघत नव्हत्या, मलिदा ताटलीत वाढत होत्या. मुलीचा हात अजून वर होता.